गुरुवारचा डबा

हे मी अद्याप कोणाजवळही बोललेलो नाही. पत्नीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवे होते तिच्याजवळ तर नाहीच. तसा मी बोलणारा माणूस नव्हेच. एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून तीस-एक वर्षे काढली. ग्रंथपालाने हळू बोलावे अशीच सगळ्यांची अपेक्षा असते, त्यामुळे माझा भित्रेपणा तिथे शिस्त म्हणून खपून गेला. लिहायला तर निवृत्तीनंतर बसलो. तेव्हा वाक्ये कुठे अडखळली तर — पण नाही, सवलत मागून सुरुवात करणे बरे नव्हे.

गुन्हा म्हणावा असे यात वरवर पाहता काही नाही. मी कोणावर हात उगारला नाही, कोणाचे काही लुबाडले नाही. मी जेवलो नाही, इतकेच. एका घरात, एका पंगतीत, सलग दोन वर्षे मी जेवलो नाही. न जेवण्याने कोणाचे काय बिघडते? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा, अगदी असाच, निरागस चेहऱ्याने विचारून पाहिला आहे.

नागपूरच्या नंदनवन भागात, आमच्या इमारतीपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर, एका घराच्या तळमजल्यावर, मानसिक आजारासह जगणाऱ्या माणसांसाठी चालवलेले एक दिवसकेंद्र आहे. सकाळी दहा ते चार. दवाखाना नव्हे, औषधे डॉक्टरांकडची, ती ज्याची त्याने घ्यायची. केंद्रात माणसे येतात, कामे वाटून घेतात, कागदी पाकिटे करतात, कोणी झाडांना पाणी घालते, कोणी नुसते खिडकीजवळ बसते. तिथे ‘रुग्ण’ हा शब्द वापरत नाहीत. सगळे ‘सदस्य’. मी दर गुरुवारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जाऊ लागलो. निवृत्त माणसाने काहीतरी करावे, आणि वाचण्यापलीकडे मला काही येत नाही, म्हणून.

केंद्र सांभाळणारी प्राजक्ता ही समाजकार्य शिकलेली मुलगी. वय तिशीच्या आत, पण तिचा एक नियम दगडासारखा होता. दुपारी एक वाजता सगळ्यांनी एका ओळीत जेवायला बसायचे — सदस्य, कार्यकर्ते, पाहुणे, कोणीही. स्वयंपाक सदस्यच करत, वाढतही तेच. ‘इथं कोण आजारी आन् कोण धडधाकट, हे पंगतीत वळखू नाही आलं पायजे सर,’ असे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मला ते वाक्य फार आवडले. मी ते घरी येऊन वहीत टिपूनही ठेवले.

केंद्राचे एक माहितीपत्रक आहे. तेही मीच लिहिलेले. प्राजक्ताने मुद्दे दिले, भाषा माझी. ‘मानसिक आजार : काही प्रश्न’ असे त्याचे शीर्षक. त्यातला तिसरा प्रश्न — ‘अशा व्यक्तीच्या हातचे अन्न खाणे सुरक्षित आहे का?’ — आणि त्याखाली मी लिहिलेले सहा ओळींचे उत्तर. हा आजार शिवण्याने, श्वासाने वा अन्नाने पसरत नाही. हातांचा कंप किंवा तोंडाला सुटणारे पाणी हा बहुधा औषधांचा परिणाम असतो. स्वच्छतेने रांधलेले अन्न जसे तुमच्या घरचे, तसे त्यांचे. मी त्या सहा ओळी चार वेळा लिहून खोडल्या होत्या. शब्दांच्या बाबतीत मी काटेकोर आहे.

आता निर्मलेबद्दल लिहिले पाहिजे.

निर्मला नागपूरजवळच्या खापा गावची. वय चाळिशीच्या पुढे. ऐन पंचविशीत आजार सुरू झाला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडले, आणि त्यानंतरची वर्षे तिने भावाच्या घरातल्या मागच्या खोलीत काढली. त्या खोलीला कडी बाहेरून होती, एवढेच तिने मला एकदा सांगितले. त्याहून अधिक मी विचारले नाही. पुढे औषधे लागू पडली. प्राजक्ताने भावाला पुष्कळ समजावल्यावर ती नागपूरला आली आणि केंद्राच्या दुसऱ्या एका सदस्य बाईबरोबर जवळच खोली घेऊन राहू लागली. केंद्राचे स्वयंपाकघर तिच्या हाती आले. तिचा गोळाभात सगळ्यांना ठाऊक होता. आत ती बेसनाच्या गोळ्यांवर तेलाची फोडणी ओतू लागली की माझे वाचन चुकायचे. तो वास माझ्या आईच्या स्वयंपाकघराचा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण मला भूक नव्हती असे कोणी समजू नये.

पहिल्या गुरुवारी मी पंगतीत बसलो होतो. पान समोर होते. निर्मला वरण घेऊन आली. तिचा हात थरथरत होता. वरण वाढताना पळी वाटीच्या काठावर दोनदा आपटली. तिने दुसऱ्या हाताच्या पाठीने ओठांच्या कडेचे ओलसरपण पुसले आणि त्याच हाताने माझ्या पानातला भात किंचित सारखा केला. मायेने केला, हे मला तेव्हाही कळले होते. आणि तरीही मी पान बाजूला सारले.

मी उठलो. म्हणालो, “माफ करा, मी विसरलोच. आज गुरुवार. माझा उपवास असतो.”

मी आयुष्यात कधी गुरुवार केलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, पहिल्या दिवसाची किळस माणसाच्या हातात नसते. नसेलही. पण दुसऱ्या गुरुवारी? दहाव्या? हे खोटे मला सुचले ते किती चांगले सुचले, याचे मी घरी जाताना मनातल्या मनात कौतुक केले होते. उपवासाला आपल्याकडे कोणी का म्हणून विचारत नाही. उलट मान देतात. माझ्या किळसेला मी देवाचे नाव दिले, आणि त्या घरातले सगळे माझ्याकडे आदराने पाहू लागले. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर पंगत बसे, मी खिडकीशी खुर्चीत बसे, आणि कोणीतरी हमखास म्हणे, “सरांचं लय कडक असते बाप्पा. पानी बी आपलंच पेतात.”

पाणीही मी घरून नेत असे. तेही त्यांनी व्रतातच जमा केले.

महिनाभराने निर्मलेने मला एक लहान, कडीचा स्टीलचा डबा आणून दिला. आत साबुदाण्याची उसळ होती. भल्या सकाळी न्हाऊन, वेगळ्या भांड्यात, सैंधव घालून केलेली. “दुसऱ्या कायलेच हात नाही लावला सर,” ती म्हणाली, “शेंगदाने बी मीच भाजले, मीच कुटले. फराळाले तं चालते न?”

मी काय म्हणायला हवे होते? मी म्हणालो, “चालते. पण मी घरी जाऊन, पूजा करून मग खाईन.”

त्या दिवसापासून दर गुरुवारी डबा. आमच्या घराच्या वाटेवर एका वळणावर कडुनिंबाखाली सिमेंटचे टाके आहे. शिळ्या पोळ्या, भाजीची देठे असे काहीबाही लोक गाईंसाठी त्यात टाकतात. मी तिथे स्कूटर थांबवायचो. डबा उघडायचो. उसळ मोकळी असायची, दाणा न् दाणा सुटा, वर कोथिंबीर. ती टाक्यात उलटी करायचो. घरी पत्नी जेवायला थांबलेली असे; मी हात धुऊन वरण, भात, पोळी, भाजी असे पूर्ण जेवत असे. डबा स्वतः घासून पिशवीत ठेवत असे. पुढच्या गुरुवारी निर्मला विचारी, “मीठ बराबर होतं न सर?” आणि मी म्हणत असे, “उत्तम.”

तिचा चेहरा उजळायचा, असे लिहिणार होतो. पण ते खरे नाही. सुरुवातीला उजळायचा. नंतर नंतर ती फक्त मान हलवायची. तो फरक मी तेव्हा पाहिला होता का? पाहिला असणार. नाहीतर आज आठवला कसा असता?

इथपर्यंतचे कदाचित मी कोणाला हसत हसतही सांगू शकलो असतो. याच्यापुढचे नाही.

आमच्या इमारतीत दहा-बारा घरे अशी आहेत जिथे फक्त म्हातारी माणसे उरली आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला. त्यांना दोन वेळचा डबा पुरवणाऱ्या बाई मुलीकडे राहायला निघून गेल्या. सगळे चिंतेत पडले. मी ही गोष्ट केंद्रात सहज बोललो. प्राजक्ताने ती उचलली. “सर, हे आमी करू. निर्मलाताई करतीन. तुमी इमारतीच्या कमिटीत हाय न? मांडा फक्त.”

आणि मग तिने मला बाजूला घेऊन सांगितले ते आजही कानात आहे. निर्मलेचा भाऊ आला होता. त्याचे म्हणणे, बहीण अशी किती दिवस नागपुरात फिरत राहणार? केंद्रात भात-वरण रांधणे हे काही काम नव्हे. बाहेरचे, पक्के, चार लोकांनी मानलेले काम तिच्या हाती असेल तर तो तिला राहू देणार होता. नाहीतर उन्हाळ्याआधी घेऊन जाणार होता — त्याच घरी, त्याच मागच्या खोलीत. कायद्याने तिला कोणी ओढून नेऊ शकत नाही, हे प्राजक्ताने तिला समजावले होते. पण भावाने अंगणात उभे राहून ‘चल’ म्हटले की निर्मला पिशवी भरू लागते, हेही प्राजक्ताला ठाऊक होते. “ह्या डब्यावर हाय सर सगळं,” ती म्हणाली.

म्हणजे मला माहीत होते. ही पळवाट मला नाही. सगळे माहीत असताना मी इमारतीच्या सभेला गेलो.

सभा नेहमीप्रमाणे खाली, गाड्या लावतात तिथे खुर्च्या मांडून झाली. मी प्रस्ताव लिहून नेला होता. तो मी वाचला, आणि बरा वाचला. माहितीपत्रकाच्या प्रती वाटल्या. लोकांनी तिसरा प्रश्न वाचला. कोणी चष्मा काढून पुन्हा वाचला. विरोध असा कोणी केला नाही. आमचे सचिव भोयर हे वीज कार्यालयातून निवृत्त झालेले, तोंडाचे फटकळ पण मनाचे सरळ गृहस्थ. ते म्हणाले, “सर, कागद झकास हाय. पन आपुन कागद खात नाही. तुमी तं दर गुरुवारी जाता तिथं. तुमी खाता न त्यायच्या हातचं?”

किती सोपा प्रश्न होता. दोन वर्षे, शंभराच्या आसपास गुरुवार, मी खोटे बोलत आलो होतो. त्या संध्याकाळी आणखी एक खोटे — ‘हो, खातो’ — एवढे पुरेसे होते. आयुष्यातले एकमेव उपयोगी खोटे ठरले असते ते. आणि नेमके तेच मला बोलता आले नाही.

मी म्हणालो, “मी गुरुवारी जातो. गुरुवारी माझा उपवास असतो.”

कोणीतरी मागे खुसखुसले. मला वाटले, संपले. पण भोयरांनी मला अजून एक दार उघडून दिले. त्यांना खरोखरच काम व्हायला हवे होते; त्यांची स्वतःची आई नव्वदीची, डबा तिलाही लागत होता. ते म्हणाले, “चालते न मंग. उद्या शुक्रवार. पैला डबा तुमच्याच घरी लावू. आठ दिवस तुमी खा, मंग सगळे लावतीन. काय मंडळी, हाय न कबूल?”

मंडळी कबूल होती. माना हलल्या. सगळे माझ्याकडे पाहत होते.

त्या क्षणी मी काय पाहिले ते सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. मला खाप्याची खोली दिसली नाही. बाहेरची कडी दिसली नाही. मला माझे स्वतःचे जेवणाचे टेबल दिसले, त्यावर उघडलेला डबा दिसला, आणि भात सारखा करणारा तो ओला हात दिसला. आठ दिवस. दोन वेळा. पत्नीच्या समोर — म्हणजे कडुनिंबाखालचे टाके नाही.

मी म्हणालो, “घरी विचारावे लागेल.”

पत्नीला विचारायचे काहीच नव्हते. ती खुशीने हो म्हणाली असती. स्वयंपाकाचा तिला कंटाळाच आला होता. हे भोयरांनाही ठाऊक होते. त्यांनी माहितीपत्रकाची घडी केली. पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, “समजलं वं बाई. सरच नाही खात.” त्यांनी आवाज मुद्दाम खाली आणला नव्हता. मग पार्किंगच्या पट्ट्यांचा विषय निघाला.

पुढच्या गुरुवारी मी केंद्रात काय सांगितले असेल? मी सांगितले की लोक अजून तयार नाहीत. समाजात गैरसमज खोलवर रुजलेले आहेत. मी पुष्कळ प्रयत्न केला. यातला प्रत्येक शब्द शुद्ध आणि सुस्पष्ट होता. निर्मला दारात उभी होती, पदराला हात पुसत. तिनेच माझे सांत्वन केले. “जाऊ द्या सर. तुमी काहून वाईट वाटून घेता? तुमी तं गंज बोलले असान आमच्यासाठी, लय बोलले असान.”

मी मान खाली घातली. तिला तो विनय वाटला असावा, असे मी तेव्हा समजलो.

भाऊ होळीच्या नंतरच्या आठवड्यात येणार असे ठरले. त्याआधीच्या गुरुवारी मी गेलो. वर्तमानपत्र वाचले. पंगत बसली, मी खिडकीशी बसलो. गोळाभात होता. गुरुवारी जेवणे आटोपली की निर्मला आणि प्राजक्ता महिन्यातून दोनदा ऑटोने कळमन्याच्या बाजाराला जात. तांदूळ, डाळ, कांदे तिथून ठोक भावात आणत. आमच्याच बाजूने तो रस्ता जातो. त्या दिवशी जायचे नव्हते. निर्मला तिची भांडी मांडणीवर लावत होती, यापुढे स्वयंपाकघर पाहणाऱ्या बाईला कोणते कुठे ते समजावत होती. मी निघालो तशी ती बाहेर आली. हातात तोच कडीचा डबा.

मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. डबा हलका लागला.

“आज काही नाही टाकलं सर त्यात,” निर्मला म्हणाली. “डबा राहू द्या तुमच्यापाशी. उगाच तुमाले उन्हातान्हात त्या निंबापाशी थांबा लागते. ऑटोतून दिसते न आमाले.”

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. एखाद्याची गैरसोय दूर करावी तशी ती बोलली. मी तिच्याकडे पाहिले. म्हणजे केव्हापासून? पहिल्या कळमन्याच्या फेरीपासून? मग त्यानंतरच्या सगळ्या गुरुवारी ती न्हाऊन, वेगळे भांडे घासून, शेंगदाणे भाजून कुटत होती, ती उसळ कुठे जाणार हे ठाऊक असताना? आणि ‘गंज बोलले असान आमच्यासाठी’ — ते?

हे सगळे प्रश्न नंतरचे. त्या वेळी मी तिला एवढेच म्हणालो, “बरं.”

स्कूटर सुरू केली. वळणावर थांबलो नाही.

ती गेली. प्राजक्ता खाप्याला अधूनमधून जाऊन येते, औषधे वेळेवर मिळतात की नाही पाहते. ती सांगते त्यावरून कधी मिळतात, कधी नाही. खोलीबद्दल ती माझ्याशी बोलत नाही आणि मी विचारत नाही. खापा दूर नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ शकतो. मी गेलेलो नाही. डबा माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. पत्नीने एकदा विचारले, हा कोणाचा? मी म्हणालो, केंद्राचा.

मी अजूनही गुरुवारी केंद्रात जातो. माझा उपवास अजूनही असतो.

गेल्या महिन्यात माहितीपत्रक पुन्हा छापायचे ठरले. प्राजक्ताने मुद्रित माझ्याकडे तपासायला पाठवले. मी ते टेबलावर पसरून, लाल पेन घेऊन, शब्द न् शब्द वाचले. तिसऱ्या प्रश्नाशी आलो. सहाच्या सहा ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. त्यांत दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. खाली सही केली आणि पत्रक परत पाठवून दिले.